हातचा

रुस्तावीत लिफ्टला पैसे पडतात.
आत डबा असतो. वीस तेत्रीचं नाणं टाकलं तर हलते,
नाही तर माणसाच्या तोंडाकडे बघत उभी.
उतरायला फुकट.
म्हणून आमच्या संस्थेच्या खर्चात एक बारीक ओळ असते: लिफ्ट.
अकरा महिने ती ओळ मी पास केली.

रेझोचं अक्षर मोत्यासारखं.
घरभेट झाली. सूप दिलं. गोळ्या तपासल्या. आजी आनंदात.
नाझिब्रोला, तेरावा ब्लॉक, नववा मजला,
मंगळवार आणि शुक्रवार.
खाली माझी सही, शेवटी तिला शेपूट,
शाळेपासूनची सवय.

फेब्रुवारीत अहवाल जुळवायला बसले.
इर्मा त्बिलिसीहून फोनवर म्हणाली,
अठ्ठ्याण्णव टक्के लिही,
शंभर दात्यांना खरं वाटत नाही.

आणि भलत्याच फायलीत, पाणीपट्टीच्या बिलांखाली,
लिफ्टवाल्यांचं पत्र:
तेराव्या ब्लॉकचा दोर तुटला आहे. दहा ऑक्टोबरपासून बंद.

मी बोटांवर मोजलं. मग यंत्रावर. मग पुन्हा बोटांवर.
चौतीस भेटी.
सहा लारी ऐंशी तेत्री.
चार पाव येतात तेवढ्यात.
एवढ्यासाठी कोण कोणाला जाब विचारतं?

तरी गेले.
दारापाशी सवयीने नाणं काढलं,
लिफ्टवर आडवी फळी ठोकलेली.
जिना चढले, नाणं मुठीतच.
पाचव्यावर कुणाचं तरी लोणच्याचं पिंप,
सातव्यावर मी, छाती धरून, भिंतीला टेकलेली.

दार उघडायला तिला बराच वेळ लागला.
सूपवाली का?
नाही, हिशोबवाली.
ती हसली. मग बस, म्हणाली, हिशोब माझ्याकडेही आहे.

तीस वर्षं ती पोलाद कारखान्याच्या वजनकाट्यावर होती.
ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा,
मधला फरक तेवढा खरा.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर
प्रत्येक मंगळवारी, प्रत्येक शुक्रवारी पेन्सिलीचं शून्य,
गोल, न चिडलेलं.
नऊ ठिकाणी मात्र काडी.

आला की चालतच यायचा पोरगा, ती म्हणाली,
ओठ निळे पडलेले.
अर्धं सूप मीच त्याला पाजायची.
त्याला पगार मिळतो ना गं?

मी कॅलेंडरकडे बघत राहिले.
रेझोचा पगार नोव्हेंबरपासून 'देणे' या रकान्यात पडून आहे.
तो रकाना मीच भरते.
त्याच महिन्यात इर्माच्या गाडीला नवे टायर आले,
'क्षेत्रभेटी' या नावाखाली.
तेही मीच.
शेपटासकट.

चोर कोण, हे तिने विचारलं नाही.
पेन्सिल पुढे केली फक्त.
आज काडी तू मार, म्हणाली, आणि नाव लिही,
म्हणजे उद्या कुणी आलं तर मला खोटं ठरवणार नाही.
मी लिहिलं. पहिल्यांदाच शेपूट आलं नाही.

चौथीत आमच्या बाई सांगायच्या,
हातचा विसरू नका,
तो पुढच्या घरात न्यायचा असतो.
विसरलात तर खालची ओळ नीटनेटकी दिसेल
आणि उत्तर चुकेल.

खाली आले. मूठ उघडली तर
तळव्यावर नाण्याचा गोल वळ.
अठ्ठ्याण्णवचं काय करायचं ते अजून ठरत नव्हतं.
नऊला चौतीसने भागलं तर सव्वीस येतात,
आणि ते एकाच दाराचे.
यादीत एकेचाळीस नावं.

पुढचं घर: गुरामी, समोरचा ब्लॉक, सातवा मजला.
तिथली लिफ्ट चालू होती.
नाणं टाकलं.
ती हलली.
पावती मिळत नाही.